धक्का बसला की मोबाईल वाजतो! कोयनेच्या भूकंपाबद्दल विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

पाटण : रात्री जेवणं आटोपून मंडळी आडवी झालेली असतात. मांडणीवरची भांडी खणखणतात, पत्रा थरथरतो, कुत्री भुंकायला लागतात. दोन-चार सेकंदांत सगळं शांत. कोयना खोऱ्यातल्या माणसाला यात नवीन काही नाही. आजोबा कूस बदलून म्हणतात, "झोपा, गेला."

पण आता खरा धक्का त्यानंतर बसतो, मोबाईलवर. पाच मिनिटांत गावच्या ग्रुपवर मेसेज येतो : "धरणाला तडा गेलाय, पहाटे तीन वाजता मोठा भूकंप होणार, नासाने सांगितलंय, सगळ्यांना पाठवा." तो पुण्या-मुंबईतल्या पोरांपर्यंत जातो आणि तिकडून फोन सुरू होतात, "आई, बाहेर पडलात का?"

सकाळी दुसरी बातमी येते : "कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित." काही लोक म्हणतात, "सरकार काय, सुरक्षितच म्हणणार." मग खरं कोण? ग्रुपवरचा मेसेज, बातमी, सरकारी अधिकारी की शास्त्रज्ञ? हा नुसत्या गप्पांचा विषय नाही. चुकीच्या माणसावर विश्वास ठेवला तर म्हातारी माणसं आणि लेकरं थंडीत रात्रभर उघड्यावर बसतात. आणि खऱ्या माणसावर विश्वास ठेवला नाही तर वेळ आल्यावर जीव जाऊ शकतो.

आधी हे समजून घेऊ : धरणामुळे भूकंप होतो का?

होय, होऊ शकतो. ही अफवा नाही. जगभरातले शास्त्रज्ञ याचं उदाहरण देताना सगळ्यात आधी आपल्या कोयनेचं नाव घेतात.

कोयना धरणात पाणी साठवायला १९६१-६२ मध्ये सुरुवात झाली. त्यानंतर थोड्याच काळात परिसरात हादरे जाणवू लागले, जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. त्या वेळी पुस्तकात असं लिहिलेलं असायचं की दख्खनचं पठार म्हणजे जुना, भक्कम खडक, इथे मोठा भूकंप होत नाही. पण लोकांच्या पायाखालची जमीन वेगळंच सांगत होती.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशे ते दोनशेच्या दरम्यान माणसं गेली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली. कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला आणि मुंबईची वीजही गेली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण फुटलं नाही. पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार देऊन भिंत बळकट करण्यात आली. ज्या घरांनी तेव्हा माणसं गमावली, त्या घरांत आजही ११ डिसेंबर ही तारीख विसरली जात नाही.

धरणाच्या पाण्याने झालेला जगातला सर्वात मोठा भूकंप म्हणून शास्त्रज्ञ आजही याच भूकंपाकडे बघतात. चीनमधलं शिनफेंगजियांग, आफ्रिकेतलं करिबा आणि ग्रीसमधलं क्रेमास्ता ही अशीच मोठी उदाहरणं, तीही १९६२ ते १९६६ या काळातलीच.

पाण्याने खडक कसा हलतो?

पावसाळ्यात घाटात दरड कशी कोसळते ते आपण बघतो. डोंगर तोच, दगड तोच, उन्हाळाभर जागचा हलत नाही. पण फटीत पाणी मुरलं की पकड सैल होते आणि दरड खाली येते. पाण्याने डोंगर तयार केला नाही, उतारही तयार केला नाही. फक्त पकड सोडवली.

जमिनीखालीही साधारण असंच होतं. कोयनेच्या खाली खडकाला जुन्या भेगा आहेत आणि तिथे आधीपासूनच ताण साठलेला आहे. वर प्रचंड पाणी साठलं की त्याचं वजन पडतं, आणि मुख्य म्हणजे ते पाणी भेगांतून खोल जातं. तिथला पाण्याचा दाब वाढला की एकमेकांवर दाबून बसलेले खडक सरकतात. म्हणून धरणाने भूकंप "घडवला" असं म्हणण्यापेक्षा, काठावर आलेल्या खडकाला धरणाने "ढकललं" असं म्हणणं जास्त बरोबर. सगळ्याच धरणांखाली असं होत नाही. जिथे खाली तशा भेगा आणि ताण आहे तिथेच होतं.

१९६२ पासून या भागात ५ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप झाले, ४ च्या वरचे दोनशेच्या आसपास, आणि लहान तर हजारोंनी. १९८५ नंतर वारणा धरणात पाणी साठू लागलं आणि हादऱ्यांचा पट्टा तिकडेही सरकला. पाऊस संपून धरण भरलं की पुढच्या काही महिन्यांत हादरे वाढतात, हेही नोंदींत दिसून आलं आहे.

हे शोधायला शास्त्रज्ञ किती खोल गेले? केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कोयना भागात तब्बल ३ किलोमीटर खोल बोअर घेतली. हे काम २०१७ मध्ये पूर्ण झालं. वरचा काळा कातळ सुमारे सव्वा किलोमीटर निघाला, त्याखाली ग्रॅनाइटसारखा खडक. या कामासाठी कऱ्हाडजवळ हजारमाची इथे खास प्रयोगशाळा उभी आहे. म्हणजे आपल्या भूकंपाचा अभ्यास दिल्लीत बसून नाही, आपल्याच शेजारी चालू आहे.

मग लोकांचा विश्वास का डळमळतो?

यात दोष फक्त व्हॉट्सॲपचा नाही. माणसाने केलेल्या कामामुळे भूकंप होतो तेव्हा एक अडचण असते. ज्याच्याकडे माहिती असते, त्याचाच त्या कामात हात असतो. धरण सरकारचं आणि धरणाची माहिती देणारंही सरकारच. त्यामुळे माणसाला शंका येते, आणि ती शंका येणं चूक नाही. परदेशात काय झालं ते बघा.

नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन नावाचा भाग आहे. सपाट शेती, गाईंचे गोठे, विटांची घरं. तिथे जमिनीखाली गॅसचा मोठा साठा सापडला आणि १९६३ पासून तो काढायला सुरुवात झाली. १९८६ पासून हादरे सुरू झाले. एका भूगोलतज्ज्ञाने सांगितलं की हे गॅस काढल्यामुळे होतंय, तर त्याची टिंगल झाली. १९९३ मध्ये संबंध आहे हे मान्य झालं, पण "मोठं काही होणार नाही" असंच सांगितलं गेलं. २०१२ मध्ये हुइझिंगे गावाजवळ ३.६ चा धक्का बसला. आपल्याला हा आकडा लहान वाटेल, पण तिथे धक्के जमिनीच्या फार जवळ होतात आणि माती मऊ आहे, त्यामुळे हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले. देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेनेच गॅस कमी काढा असं सांगितलं, तरी २०१३ मध्ये भरपूर गॅस काढला गेला.

२०१५ मध्ये तिथल्या सुरक्षा मंडळाने स्पष्ट म्हटलं की इतकी वर्षं लोकांच्या सुरक्षेचा विचारच झाला नव्हता. २०२३ मध्ये संसदेच्या चौकशी समितीनेही लोकांपेक्षा पैशाला जास्त महत्त्व दिल्याचा ठपका ठेवला. पंतप्रधानांना माफी मागावी लागली. १ ऑक्टोबर २०२३ ला गॅस काढणं थांबलं. पण गेलेला विश्वास एका माफीने परत येत नाही. तिथले लोक आजही सरकारी आकडा दोनदा तपासतात.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचं उदाहरणही असंच. तेल काढताना निघणारं खारं पाणी पुन्हा जमिनीत खोल सोडलं जायचं. आधी तिथे ३ च्या वरचे भूकंप वर्षाला एक-दोन व्हायचे, २०१५ मध्ये ते ९०० च्या आसपास गेले. राज्याची भूगर्भ संस्था सुरुवातीला नैसर्गिक कारणांकडे बोट दाखवत होती. शेवटी एप्रिल २०१५ मध्ये तिने मान्य केलं की बहुतेक भूकंप या पाण्यामुळेच होत असण्याची दाट शक्यता आहे. पाणी सोडण्यावर बंधनं आली आणि भूकंप कमी झाले.

आता उलटं उदाहरण. दक्षिण कोरियातल्या पोहांग शहरात १५ नोव्हेंबर २०१७ ला साडेपाचच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. जवळच जमिनीतल्या उष्णतेपासून वीज बनवण्याचा प्रकल्प होता आणि त्यासाठी खोल बोअरमध्ये पाणी दाबाने सोडलं जात होतं. लोकांना संशय आला. सरकारने देश-विदेशातल्या तज्ज्ञांची समिती नेमली. मार्च २०१९ मध्ये समितीने उघडपणे सांगितलं की भूकंपाला हा प्रकल्पच कारणीभूत आहे. प्रकल्पाला सरकारचाच पाठिंबा होता, तरी निष्कर्ष जाहीर झाला आणि प्रकल्प बंद झाला.

यातून दोन गोष्टी समजतात. एक, गावकऱ्याच्या अनुभवाला किंमत आहे. कोयनेत, ग्रोनिंगेनमध्ये, पोहांगमध्ये "काहीतरी बदललंय" हे लोकांना आधी जाणवलं. दुसरी, अनुभवाने प्रश्न पडतो, पण त्याचं उत्तर मोजमापातूनच मिळतं. "धक्के वाढलेत" हे लोक सांगू शकतात. ते कशामुळे आणि किती वाढलेत, हे यंत्रच सांगू शकतं.

कोण काय सांगू शकतं?

*राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र, दिल्ली.* देशभरातल्या भूकंपाची वेळ, तीव्रता, खोली आणि ठिकाण हे केंद्र जाहीर करतं. वेबसाइट आणि मोफत ॲप आहे. धक्का बसल्यावर काही मिनिटांत नोंद दिसते. मात्र फार लहान धक्के तिथे दिसतीलच असं नाही.

*कोयनेची स्थानिक यंत्रणा.* धरण परिसरात भूकंपमापन केंद्रं आहेत. दिल्लीच्या यादीत नसलेला बारीक धक्काही ती पकडतात. "हेळवाकच्या नैऋत्येला अमुक किलोमीटर" अशी बातमीतली माहिती तिथूनच येते. राज्यातल्या धरणांच्या भूकंप नोंदींचं काम नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे "मेरी", करते.

*शास्त्रज्ञ.* हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय) कोयनेवर अनेक दशकं काम करते आहे. भूकंप का होतो हे ही मंडळी सांगू शकतात. पुढचा मोठा धक्का कोणत्या रात्री बसेल, हे त्यांनाही सांगता येत नाही.

*जिल्हा प्रशासन.* बाहेर पडायचं का, शाळा सुरू आहे का, मदत कुठे मिळेल, हे यांनी सांगायचं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. तातडीची मदत ११२.

*ग्रुपवरचा मेसेज.* यातलं काहीच मोजत नाही. फक्त पुढे ढकलतो.

तीव्रतेचे आकडे वेगळे आले की खोटं असतं का?

नाही. एक केंद्र २.९ सांगतं, दुसरं ३.१. लगेच कुणीतरी म्हणतं, "बघा, लपवतायत." पण केंद्रं वेगवेगळ्या अंतरावर असतात, मोजायची पद्धतही थोडी वेगळी असते. पहिला आकडा घाईत येतो, नंतर तो सुधारला जातो. एवढा फरक चालतो. मात्र ३ चा ५ झाला तर प्रश्न विचारायलाच हवा. कारण तीव्रता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोनाने वाढली तर हजार पट.

याच हिशोबाने आपल्याकडची एक लाडकी समजूतही तपासून बघा. "बारीक धक्के बसतायत ते बरंच आहे, जमिनीतला ताण निघून जातो, मोठा होणार नाही." सांगणारा माणूस चांगल्या मनाने सांगतो, कधी अधिकारीही सांगतो. पण ६ तीव्रतेच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा निघायला ३ तीव्रतेचे तीस हजारांहून जास्त धक्के लागतील. तेवढे होत नाहीत. म्हणून बारीक धक्के ही मोठ्या धक्क्याची सूचना नाही आणि मोठा होणार नाही याची खात्रीही नाही. चुकीची माहिती भीती घालणारीच असते असं नाही, धीर देणारीही असते. दोन्ही तपासायला हव्यात.

तशीच गोष्ट बोअरवेलची. "शेतात बोअरी घेतल्या म्हणून जमीन हलते," असं चावडीवर ऐकू येतं. आपली बोअर शंभर-दोनशे मीटरची. कोयनेचे धक्के होतात ते कित्येक किलोमीटर खाली. खाणीतल्या सुरुंगाने घर हादरतं हे खरं, पण यंत्रावर सुरुंगाची आणि भूकंपाची लाट वेगळी ओळखू येते. आणि धक्का बसला म्हणजे धरणामुळेच, असंही नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोक थंडीत तंबूत झोपले. तिथलं कारण कोयनेसारखं धरणाचं पाणी आहे असं सिद्ध झालेलं नाही. प्रत्येक ठिकाणचं मोजमाप वेगळं, उत्तरही वेगळं.

मेसेज आला तर पाच प्रश्न विचारा

१. तारीख-वेळ सांगून भूकंप येणार म्हणतोय का? मग तो खोटाच. दिवस आणि वेळ सांगून भूकंपाचं भाकीत करणं आज जगात कुणालाही जमत नाही, नासालाही नाही.

२. मोजलं कुणी? संस्थेचं नाव, वेळ, खोली, ठिकाण दिलंय का? "वरून माहिती आली", "धरणावर काम करणाऱ्या मित्राने सांगितलं" हे मोजमाप नाही.

३. दुसरीकडे तीच माहिती आहे का? ॲप उघडा, जिल्हा प्रशासनाचं पान बघा. दोन स्वतंत्र ठिकाणी जुळलं तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

४. सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे? व्हिडीओ बघितले की पैसे मिळतात, तर भीती दाखवणं हाच काहींचा धंदा आहे. सरकार किंवा कंपनीची अडचण होत असेल तर "काही नाही झालं" म्हणणाऱ्यालाही हाच प्रश्न लावा.

५. "माहीत नाही" म्हणायची तयारी आहे का? खरा जाणकार सांगतो, "एवढं मोजलंय, एवढं अजून कळलेलं नाही." ज्याला सगळंच ठाऊक असतं, त्याच्यापासून जरा लांब राहा.

हा फरक मात्र विसरू नका

भूकंप आधी सांगता येत नाही. पण धरणातून पाणी सोडायचं असेल तर ते आधी सांगता येतं आणि सांगितलं जातं. पावसाळ्यात विसर्ग वाढवताना नदीकाठच्या गावांना इशारा येतो, भोंगा वाजतो, ग्रामपंचायतीला कळवतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं "सचेत" ॲप आहे, शिवाय फोनवर मोठा आवाज करत थेट इशाराही येऊ शकतो. "त्या भूकंपाच्या मेसेजसारखाच असेल" म्हणून हा इशारा उडवून लावू नका. अफवांचं खरं नुकसान हेच. लांडगा आला रे आला असं रोज ओरडलं की खरा लांडगा येतो तेव्हा कुणी उठत नाही.

खोटा इशारा पसरवून घबराट केली तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. "मी फक्त फॉरवर्ड केला" ही सबब चालेलच असं समजू नका.

प्रशासनालाही दोन शब्द

लोकांना नुसतं "घाबरू नका, धरण सुरक्षित आहे" ऐकून समाधान होत नाही. सुरक्षित आहे हे कशावरून? धक्क्यानंतर भिंतीची पाहणी कुणी केली, कधी केली, काय आढळलं, हे चार ओळींत मराठीत आणि तासाभरात कळलं तर अफवेला जागाच उरणार नाही. तिला पसरायला वेळ मिळतो तो आपण गप्प बसतो तेव्हा. ग्रोनिंगेनमध्ये लोक सरकारवर चिडले ते केवळ भूकंपामुळे नाही, आपल्यापासून लपवलं गेलं म्हणून.

आणि गावाने काय करावं? ग्रामसभेत हा विषय एकदा घ्या. पुढचा धक्का बसेल तेव्हा गावच्या ग्रुपवर माहिती कोण टाकणार, ते दोन माणसांची नावं घेऊन ठरवा. एखादी शिक्षिका, एखादा ॲप वापरणारा पोरगा. त्यांनी ॲपमधला आकडा आणि नियंत्रण कक्षाकडून आलेली माहिती टाकायची, बाकीच्यांनी तोवर थांबायचं. धक्का जाणवला तर वेळ लिहून ठेवा, भिंतीला नवा तडा दिसला तर तारखेसह फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. उद्या नुकसानभरपाईचा प्रश्न आला तर हाच कागद कामाला येतो.

जमीन हलत असताना मोबाईल हातात घेऊच नका. घरात असाल तर भक्कम टेबलाखाली बसा, डोकं झाका. बाहेर असाल तर भिंती, झाडं आणि विजेच्या तारांपासून लांब मोकळ्यावर या. जिना उतरायची घाई करू नका. हादरा थांबला की आधी घरातली माणसं मोजा, मग शेजारचं म्हातारं माणूस बघा. मेसेज त्यानंतर वाचला तरी चालतो.